घडी नीट घाला

आणि वर मलाच म्हणतात, ‘काकू, तुम्ही फार संशयी आहात हं!’ मी? मी संशयी? तुम्हाला सांगते, ज्या बाईनं एक्केचाळीस दिवस कोणावरही संशय घेणार नाही असा देवापुढे हात जोडून नेम धरलाय, आणि चुकून आलाच संशय, तर दर संशयामागे एक माळ ओढायची असं स्वतःच स्वतःला बजावलंय, तिला तुम्ही संशयी म्हणणार? हा माझा अंगठा बघा... नाही, बघाच... घट्टा पडलाय माळा ओढून ओढून! संशयी बाईच्या अंगठ्याला घट्टा पडतो का?

आता नेम कशासाठी, तर खोलीसाठी. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूनं आत गेलं की एक खोली आहे. दोन खिडक्या, एक पंखा, तोही फिरतो कमी आणि बोलतो जास्त. नऊ वर्षं झाली, रोज दुपारी तीन ते पाच आम्ही पंधरा-सोळा बायका तिथे जमतो. प्रार्थना म्हणतो, ग्रंथातला एक अध्याय वाचतो, मग कोणाचा गुडघा, कोणाची सून, कोणाचा गुडघा सुनेमुळे कसा दुखतो, असं सगळं होतं आणि हलक्या होऊन आपापल्या घरी जातो. चौथ्या मजल्यावरच्या आजी तर तेवढ्यासाठीच दिवसातून एकदा खाली उतरतात. आणि या खोलीत आमचे फरशीवाले व्यायामाची यंत्रं बसवणार! हो! फरशीचं दुकान आहे त्यांचं, ते यंदा चेअरमनपदाला उभे राहिले. चौकातून येताना मला गाठून म्हणाले, आवाज असा... गुळगुळीत, त्यांच्याच फरशीसारखा... ‘काकूऽऽ, तब्येत हाच खरा देव! तुम्हीसुद्धा सायकल चालवा की, जागच्या जागी!’ जागच्या जागी चालवायची तर सायकल कशाला हवी हो? मी तीस वर्षं स्वयंपाकघरात जागच्या जागीच चालतेय!

त्यांच्याविरुद्ध उभे आमचे हेडसर. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ‘मुद्दा पहिला, खोली आहे तशीच राहील. मुद्दा दुसरा, पहिल्या मुद्द्यात बदल होणार नाही.’ मला तर मुद्दा पहिलाच पुरेसा होता.

तर निवडणूक. आमच्याकडे आजवर हात वर करून व्हायची. आणि त्यात काय व्हायचं, तर ज्याला पाडायचं तोच समोर बसून कोणाचा हात वर आहे ते बघायचा. मागे एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या एकानं जुन्या सेक्रेटरींच्या विरोधात हात वर केला, तर त्याच्या दारासमोरचा दिवा आठ महिने गेलेला! आठ महिने माणूस काड्या पेटवून कुलूप उघडत होता. मी संशय घेत नाही हं, योगायोग असेल... पण मग नवे सेक्रेटरी आले त्या दिवशी संध्याकाळीच तो दिवा कसा लागला? असो. संशय घ्यायचा नाही असा माझा नेम आहे. मी आपलं नुसतं बघते.

म्हणून मीच सभेत उठून म्हटलं, मतपत्रिका काढा. कागदावर शिक्का मारायचा, घडी घालायची, डब्यात टाकायची. कोणाचं मत कोणाला कळायचं नाही, आणि वर्षभर जिन्यात एकमेकांकडे बघून हसता येईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडसर म्हणाले, ‘कल्पना स्तुत्य आहे. आता मुद्दा असा, की मतपत्रिका सांभाळणार कोण?’ आणि सगळ्या सभेनं मान वळवली... माझ्याकडे. फरशीवालेसुद्धा म्हणाले, ‘काकूच! त्यांचा देवावर विश्वास, आपला काकूंवर!’ आता हे एवढं गोड का बोलावं माणसानं? मी त्या रात्री एक माळ ओढली.

एका घराला एक मत, अशी आमच्याकडे रीत. घर ज्याच्या नावावर, त्यानं शिक्का मारायचा. घरं अठ्ठेचाळीस, म्हणून मतपत्रिका अठ्ठेचाळीस. मी स्वतः आखल्या. कागदाच्या बरोब्बर मधोमध आडवी रेघ. वरच्या भागात हेडसरांचं नाव आणि पुस्तकाचं चित्र, खालच्या भागात फरशीवाल्यांचं नाव आणि एक चौकोन, म्हणजे फरशी. चौथ्या मजल्यावरच्या आजींना बारीक वाचता येत नाही ना, म्हणून चित्रं. रेघ तर अशी सरळ, की आमचे हे... म्हणजे माझे यजमान, सरकारी कचेरीतून गेल्या वर्षी निवृत्त झाले, सहसा बोलत नाहीत... तेसुद्धा चष्मा वर करून म्हणाले, ‘अगं, मी काय सांगतो, ही रेघ...’ म्हटलं, अहो, एक अक्षर नको! मतपत्रिकेबद्दल घरात चर्चा नको. उद्या कोणी म्हणेल नवराबायकोनं मिळून ठरवलं! ते चष्मा खाली करून पुन्हा पेपरात शिरले.

मग झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो म्हणतो, ‘किती काढू?’ म्हटलं अठ्ठेचाळीस. तर म्हणतो, ‘पन्नास घ्या ना मावशी, बरं पडतं.’ बरं पडतं? कोणाला बरं पडतं? त्या जास्तीच्या दोन कागदांत कोणाचं भलं होणार आहे? मी त्याच्याकडे अशी बघत राहिले, की त्यानं मुकाट्यानं अठ्ठेचाळीस काढले. त्यात एक तिरका आला, तो त्यानं चुरगाळून टोपलीत टाकला आणि त्याच्या जागी दुसरा काढला. मी म्हटलं, तो द्या. ‘मावशी, तो खराब झाला.’ खराब असला तरी द्या. ‘अहो पण करणार काय त्याचं?’ मी करणार काय नाही, तुम्ही करणार काय, असा प्रश्न आहे! टोपलीत हात घालून काढून घेतला. आणखी तीन कोणाच्या लग्नाच्या कामाचे निघाले, तेही उलटेपालटे करून बघितले. संशय घ्यायचा नाही असा माझा नेम आहे. मी आपलं नुसतं बघते.

घरी येऊन मोजले, सत्तेचाळीस! पुन्हा मोजले, सत्तेचाळीस. झेरॉक्सवाला आठवला, लिफ्टमध्ये फरशीवाले भेटले होते ते आठवलं, त्यांनी ‘पिशवी धरू का?’ विचारलं होतं ते तर फारच आठवलं! तीन माळा झाल्या आणि चौथ्या वेळी मोजताना दोन कागद एकमेकांना चिकटलेले सापडले. तुम्हीच सांगा, त्या तीन माळा परत मिळतात का?

शिक्क्याचंही तसंच. पेन ठेवलं तर अक्षरावरून, फुलीवरून माणूस ओळखू येतो, म्हणून औषधाच्या बाटलीचं रबरी बूच घेतलं. गोल ठसा, कोणीही मारा, सारखाच. शाईचं पॅड जुनं होतं, वाळलेलं. ठसा पुसट उठला आणि कोणी वाद घातला तर? म्हणून मतदानाच्या दिवशी सकाळी मी त्यात अर्धी बाटली शाई ओतली. अर्धी! काम करायचं ते चोख. पॅड असं भरलं, की बोट टेकवलं तर बुडायचं.

आणि घडी! घडीचं तर मी सगळ्यांना शिकवलं. तुम्ही कोणीही माझ्या घरी या, माझं कपाट उघडा, रुमालाच्या घड्या बघा, काठाला काठ. तेव्हा मतदानाला येईल त्याला मी कागद देताना सांगायची, ‘शिक्का मारा, रेघेवर मधोमध घडी घाला, वर हात फिरवा, चांगली दाबा, म्हणजे डब्यात जाताना उघडायची नाही आणि कोणाला आतलं दिसायचं नाही.’ आमच्या बायका बिचाऱ्या! त्यांना नऊ वर्षं माझं ऐकायची सवय. एकेकीनं अशी घडी घातली, अशी दाबली... आजींनी तर टेबलावर ठेवून वर कोपर टेकवलं! आणि फरशीवाल्यांची माणसं? घाई! कोणी कागदाची सुरळी करतोय, कोणी नुसता चुरगाळून टाकतोय, कोणी पतंगासारखा धरून आणतोय. मी म्हटलं, अहो, घडी! तर म्हणे, ‘असू दे हो काकू, मत महत्त्वाचं!’ बघा, म्हणजे मतपत्रिकेला काही मानच नाही!

आमचे हे आले. कागद घेतला, पुन्हा सुरू, ‘अगं, मी काय सांगतो, या घडीनं...’ म्हटलं, अहो, मागे रांग थांबलीय! मी अधिकारी आहे इथे, बायको नाही! सगळे हसले. हे पडद्याआड गेले, शिक्का मारला आणि बाहेर येऊन मुकाट्यानं कागद डब्यात टाकला.

डबा म्हणजे पत्र्याचा, वर फट पाडलेला. फट पाडली होती फरशीवाल्यांच्या गवंड्यानं. आता मला सांगा, फट कागदापुरती हवी की नको? ही चांगली दोन बोटं रुंद! मी दिवसभर त्या डब्याशेजारून उठले नाही. पाणी प्यायले नाही, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं. एकदोनदा फटीला डोळा लावून आत बघितलं... संशय म्हणून नाही हो, अंधार पुरेसा आहे ना ते बघायला!

पाच वाजता मोजणी. मोजायला पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. ते भाडेकरू, त्यांना मत नाही, म्हणून त्यांच्यावर सगळ्यांचा भरवसा. त्यांनी हातमोजे घातले, डबा उघडला, ‘जरा मोठा आ... म्हणजे, जरा मोठ्या उजेडात घ्या,’ असं म्हणाले आणि पहिला कागद उलगडला.

त्यावर दोन ठसे.

एक पुस्तकावर, एक फरशीवर. म्हटलं, असेल कोणी भांबावलेला. दुसरा कागद, फरशीवर एकच. तिसरा, दोन ठसे! चौथा, दोन! पाचवा, दोन! तुम्हाला सांगते, पंचेचाळीस कागद निघाले... तीन घरांचं कोणी आलंच नव्हतं... आणि त्यातल्या सव्वीस कागदांवर दोन दोन ठसे! उरले एकोणीस. त्यात फरशीवाल्यांना चौदा, हेडसरांना पाच. पाच!

फरशीवाले उठून उभे. आवाजातला गुळगुळीतपणा गेला, ‘दोघांना शिक्का म्हणजे मत बाद! चौदा विरुद्ध पाच, संपलं!’ हेडसर उठले, ‘मुद्दा पहिला, हा कट आहे!’ मुद्दा दुसरा त्यांना सुचलाच नाही. आजी माझा पदर ओढून विचारतायत, ‘अगं, मी एकदाच मारला गं शिक्का... माझा हात कापतो, पण दोनदा मारण्याइतका नाही कापत... आपली खोली गेली का?’

आणि माझ्या डोळ्यांसमोर ती फट आली. दोन बोटं रुंद! मी उठले. सदतिसावा दिवस होता माझ्या नेमाचा, फक्त चार दिवस उरले होते, आणि मी सगळ्या बिल्डिंगसमोर बोट दाखवून म्हटलं, ‘त्या गवंड्याला फट रुंद करायला कोणी सांगितलं? काडीला बूच लावून आत घालून कोणीतरी दुसरे ठसे मारलेत!’ डॉक्टरांनी डब्याकडे बघितलं, फटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘काकू,’ ते हळूच म्हणाले, ‘घडी घातलेल्या कागदाच्या आत? काडीनं?’ आता ते मलाही पटेना, पण बोट वर केलेलं होतं, खाली कसं घेणार?

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज, ‘मी काय सांगतो...’

आमचे हे! उठून पुढे आले. यावेळी मागे रांग नव्हती. त्यांनी उरलेल्यातली एक कोरी मतपत्रिका घेतली, बूच शाईत बुडवलं, पुस्तकावर ठसा मारला, रेघेवर घडी घातली, हात फिरवला, चांगली दाबली... आणि उघडली. फरशीवर ठसा! ‘कचेरीतून मला अकरा वेळा निवडणुकीच्या कामावर पाठवलं होतं,’ ते म्हणाले. ‘पहिल्या दिवशी हेच शिकवतात. शाई ओली असते. घडी आधी उभी घालायची, मग आडवी. म्हणजे ठसा उमटला तरी त्याच उमेदवारासमोर उमटतो. आडवी घातली की वरचं मत खालच्यालाही लागतं.’

फरशीवाले काही कच्चे नाहीत. म्हणाले, ‘हे मान्य. पण सव्वीस जणांनी एकाच रेघेवर, एकसारखी घडी घातली, हे कसं शक्य आहे? माणसं आपापल्या मनानं घडी घालतात. कशावरून शाईच लागली, कशावरून मुद्दाम मारले नाहीत?’

यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर भिंतीकडे बघत उभे राहिले. सांगायचं असतं तर सांगू शकले असते ना, की हिनंच शिकवलं? नाही सांगितलं. आणि मला कळलं, की मी गप्प बसले तर खोली गेली, आणि बोलले तर माझी अब्रू गेली. आजींनी पदर अजून धरलेलाच होता.

म्हटलं, ‘मी सांगितलं. प्रत्येकाला मीच सांगितलं. रेघेवर घाला, दाबा. शाईसुद्धा मीच ओतली, अर्धी बाटली. ज्यांनी माझं ऐकलं त्यांचीच मतं बिघडली. आणि फरशीवाले, तुमच्या गवंड्यावर आळ घेतला, तुमच्यावर घेतला, माझं चुकलं.’ डोळ्यांत पाणी आलं हो. फरशीवाले खाली बसले. मग म्हणाले, आवाज एकदम साधा, घरात बोलतात तसा, ‘जाऊ द्या काकू. फट मीच मोठी करायला सांगितली होती, आजींचा हात कापतो म्हणून. डॉक्टर, बघा गडद कुठला आणि पुसट कुठला.’

बघा! आजींसाठी! आणि मी त्या फटीवर सहा माळा ओढल्या होत्या!

मग डॉक्टरांनी दवाखान्यातून ते डोळ्यांवर लावायचं भिंग आणलं, डोक्यावर दिवा लावला आणि सव्वीस कागद एकेक करून तपासले. ‘हा गडद, हा मूळचा... हा पुसट, हा लागलेला...’ सगळी बिल्डिंग श्वास रोखून, कोणाची दाढ काढतायत अशी. त्या सव्वीसमध्ये हेडसरांना अठरा, फरशीवाल्यांना आठ. पाच आणि अठरा तेवीस, चौदा आणि आठ बावीस. हेडसर एका मतानं निवडून आले! खोली राहिली! आजींनी माझा पदर सोडला आणि त्याच पदरानं माझे डोळे पुसले.

इथे संपलं असतं तर मी तुम्हाला सांगायला कशाला बसले असते?

सगळे गेल्यावर मी कागद गोळा करत होते. सुरळ्या झालेले, चुरगाळलेले, माझ्या घडीचे... आणि त्यात एक कागद. एकच. आधी उभी घडी, मग आडवी. काठाला काठ. सगळ्या बिल्डिंगमध्ये ही घडी येणारा माणूस एक! उघडला. एक गडद ठसा, शेजारी त्याचाच पुसट जोड, दोन्ही एकाच नावावर.

फरशीवर.

मी त्या रिकाम्या खोलीत उभी, वर तो पंखा बोलतोय, आणि माझ्या हातात माझ्याच नवऱ्याचं मत! गुप्त मतदान कोणी आणलं? मी! आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये गुप्त न राहिलेलं मत एकच, ते माझ्या घरचं! मी विचार केला, संशय घ्यायचा नाही असा नेम आहे... पण हा संशय कुठे आहे? ही तर खात्री आहे! खात्रीला माळ नाही!

घरी आले. भाजी चिरायला घेतली. हे पेपर वाचत बसलेले. मी म्हटलं, ‘काही काही लोकांना व्यायामाची फार हौस दिसते.’ पेपर हलला नाही. म्हटलं, ‘उभी घडी घालणाऱ्या लोकांना.’ पेपर खाली आला. ‘मत गुप्त असतं,’ ते म्हणाले. म्हटलं, असतं. पण कारण गुप्त नसतं. मग चष्मा काढला, पुसला, जो आधीच स्वच्छ होता. ‘कचेरी होती तेव्हा कळत नव्हतं,’ म्हणाले. ‘आता दुपारी तीन वाजता तू खाली जातेस आणि घर एकदम मोठं होतं. मी दोनदा चहा ठेवतो, दोन्ही वेळा उतू जातो. वाटलं, ती खोली नसती तर...’

माझी सुरी थांबली. आणि तरी हा माणूस सभेत उठला! गप्प बसला असता तर त्याचाच माणूस चौदा विरुद्ध पाचनं निवडून येत होता, मी दुपारची घरी राहत होते. उठून स्वतःचं मत स्वतःच हरवून आला, आणि माझं नावसुद्धा घेतलं नाही. सदतीस दिवस मी झेरॉक्सवाल्यावर डोळा ठेवला, गवंड्यावर ठेवला, डब्यातल्या अंधारावर ठेवला... आणि ज्याच्याकडे बघायला हवं होतं त्याच्याकडे बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी म्हटलं, चला. ‘मी? बायकांत?’ म्हटलं, खोली सगळ्यांची आहे, हेडसरांचा मुद्दा तिसरा. आले. दाराजवळ खुर्ची टाकून बसले. बायकांना कोण कौतुक! कोणी पाणी आणून देतंय, कोणी पंख्याखाली बसा म्हणतंय. आजी म्हणाल्या, ‘यांचा चष्मा चांगला आहे, आज अध्याय यांनाच वाचू दे.’

आणि यांनी ग्रंथ उघडला. तुम्हाला सांगते, पस्तीस वर्षं कचेरीत कागद तपासलेला माणूस! एक ओळ वाचतात, थांबतात, मागच्या ओळीशी ताडून बघतात, ‘हे इथे मागच्या अध्यायाशी जुळत नाही,’ म्हणतात, मागचा अध्याय काढतात, बोटानं दाखवतात, सगळ्यांना पटलं का विचारतात, मग दुसरी ओळ! आम्ही रोज एक अध्याय संपवायचो, आता तीन आठवडे झाले, त्याच अध्यायाचं पहिलंच पान चाललंय. गुडघे नाहीत, सुना नाहीत, कोणाला तोंड उघडायला जागा नाही. आणि हे इतके खूश, की अडीचलाच शर्ट घालून दारात उभे असतात!

मी काही बोलत नाही. नेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलाय, आज एकविसावा दिवस. देव सगळं नीट करील, अशी माझी श्रद्धा आहे. फक्त काल निघताना चौथ्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यात बाजूला घेतलं, इकडे तिकडे बघितलं, आणि कानाशी लागून विचारलं, ‘अगं, पुढची निवडणूक कधी आहे गं?’